स्वयंसेवक ते आणि स्वयंसेविका आम्ही

आमच्या दापोली तालुक्यात 'स्वयंसेवक' हा शब्द दोन जातींच्या माणसांना लावतात. एक जात मुंबई-पुण्याहून येते, क्वचित परदेशातूनही येते. आठवडाभर, पंधरा दिवस, फार तर एक उन्हाळा राहते, शाळांतून कार्यशाळा घेते, शिक्षकांना नव्या पद्धती दाखवते, फोटो काढते आणि परत जाते. दुसरी जात इथेच वाडीवर राहते. सकाळी पाणी भरून, भाकऱ्या थापून, गुरांचं करून ती अंगणवाडीत नाहीतर शाळेत पोचते आणि वर्षाचे बाराही महिने तेच काम करते. पहिल्या जातीत पुरुष आणि बाया दोन्ही असतात. दुसरीत जवळजवळ सगळ्या बायाच. पहिलीला स्वयंसेवक म्हणतात, कारण तिने स्वतःच्या मर्जीने वेळ दिलेला असतो. दुसरीला स्वयंसेविका म्हणतात, कारण तसं म्हटलं की पगार द्यावा लागत नाही.

या लेखात मला या दोन जातींबद्दल लिहायचं आहे. शिक्षकांचं प्रशिक्षण, गुणवत्ता, लोकसहभाग हे शब्द गेली पंचवीस-तीस वर्षं आपण ऐकतो आहोत. पण हा लोकसहभाग कुणाच्या घामाचा, हे आपल्या स्त्री-चळवळीनेही पुरेसं विचारलेलं नाही.

आधी एक सांगून टाकते. बाहेरून येणाऱ्यांवर माझा राग नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडात घरांची आणि शाळांचीही कौलं-पत्रे उडाले, पुस्तकं भिजून लगदा झाली. त्या वेळी सरकारी पंचनामे चालू असताना वह्या-पुस्तकं, ताडपत्र्या, सौर दिवे घेऊन जी माणसं करोनाच्या भीतीतही कोकणात उतरली, ती स्वयंसेवकच होती. आणि बाहेरचा माणूस टिकून राहिला तर काय होतं हे आमच्या तालुक्याने चिखलगावात पाहिलं आहे. डॉ. राजा दांडेकर आणि रेणू दांडेकर यांनी तिथे येऊन लोकमान्य टिळक विद्यामंदिर उभं केलं. रेणूताईंनी वर्गात मुलांबरोबर जे केलं ते लिहूनही ठेवलं आणि कितीतरी शिक्षकांनी ते वाचलं. पण यात 'तिथे येऊन' याच्याइतकंच 'तिथे राहून' महत्त्वाचं आहे. पाहुणा आणि सोयरा यांत फरक असतो.

दापोलीला या विषयाचा इतिहासही मोठा आहे, आणि तो अडचणीचा आहे. मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ मध्ये त्यांनी विधवा गोदूबाईंशी, म्हणजे आपल्या बायांशी लग्न केलं तेव्हा याच मुरुडाने त्यांना वाळीत टाकलं. पुढे अनाथ बालिकाश्रम झाला, १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, जिथे शाळाच नाही अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी, आणि वर्गणीला दारोदार फिरले. स्वयंसेवेतून शिक्षण म्हटलं की आमच्याकडची प्रत्येक सभा इथून सुरू होते.

सभा सहसा बायांपर्यंत पोचत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या या पहिल्या विधवा विद्यार्थिनीने पुढे 'माझे पुराण' लिहिलं. निष्काम कर्म करणाऱ्या नवऱ्याचं घर कसं चाललं ते तिथे वाचायला मिळतं. कर्व्यांनी आपला विमासुद्धा संस्थेला देऊन टाकला तेव्हा मुलाबाळांचं काय, हा प्रश्न घरातल्या बाईला पडला, आणि तो तिने विचारला. बायांनी स्वतःही संस्थेसाठी वर्गणी गोळा केलीच. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले तर इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे जमवायला १९१८ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि तिथे परक्यांच्या घरी मोलकरणीचं काम केलं. या बहिणींबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या त्यागाची गोष्ट सांगून आजच्या बाईच्या हातावर दोन हजार रुपये टेकवले जातात, तेव्हा मला ती गोष्ट ऐकवत नाही. शिवाय पालगडही आमच्याच तालुक्यात, साने गुरुजींचं. त्यामुळे इथल्या प्रत्येक शिकवणाऱ्या बाईने श्यामची आई असावं, अशी सगळ्यांचीच अपेक्षा. श्यामच्या आईला भविष्यनिर्वाह निधी नव्हता हे खरं, पण तिला दर महिन्याला ऑनलाइन माहितीही भरायची नव्हती.

याच परंपरेतली दुसरी बाजू आपण विसरतो. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार करा, त्यांना नीट प्रशिक्षण द्या असं तर सांगितलंच, पण त्यांचे पगार पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त असावेत असंही सांगितलं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. बाईच्या शिकवण्याला सेवा न म्हणता काम म्हणणारी, आणि कामाचा मोबदला जास्त मागणारी ही मराठी बाई. भाषणात आपण तिचं नाव घेतो, मागणीपत्रात मात्र तिची ही मागणी घेत नाही.

आता सरकारने स्वयंसेवेचं काय केलं ते बघू. २००० साली महाराष्ट्रात दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. शिक्षकांच्या जागी 'शिक्षणसेवक' आले, प्राथमिक शाळेत तीन वर्षं दरमहा ३,००० रुपयांवर. आणि शाळेपासून लांब राहिलेल्या वाड्या-वस्त्यांसाठी वस्तीशाळा निघाल्या, ज्यांत शिकवायला गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी घेतली, दरमहा १,००० रुपयांवर. कोकणात वाडी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. गाव एक, पण वाड्या दहा, मध्ये डोंगर, पऱ्ह्या आणि पावसात वाहून जाणारे साकव. अशा ठिकाणी सहा वर्षांच्या पोराला दोन मैल चालायला लावण्यापेक्षा वाडीतच शाळा, ही कल्पना उत्तम होती. मुलींना तर तिचा फार फायदा झाला, कारण शाळा लांब असली की आधी मुलगी घरी बसते. पण ही शाळा ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली त्यांचं काय? आधी त्यांचं नाव स्वयंसेवक, मग निमशिक्षक. निम म्हणजे अर्धा. मुलं मात्र पूर्ण होती, आणि इयत्ता चारही. त्यांना नोकरी करता करताच डी.एड. पूर्ण करायला लावलं, आणि मोर्चे, उपोषणं, अर्ज असं करत २०१४ मध्ये त्यांना नियमित शिक्षक म्हणून घेतलं. आधीची दहा-बारा वर्षं सेवेत धरा, ही मागणी त्यानंतरही करत राहावी लागली. शिक्षणसेवकांचं मानधन वाढून १६,००० व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं.

अंगणवाडीची गोष्ट याहून जुनी. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांच्या कामातून आला. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला आणि मग १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांतल्या मुलांसाठी जे उभं केलं, त्यात बालसेविकेचं प्रशिक्षण हा गाभा होता. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्या, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवा. हातात असलेल्या पानाफुलांतून, शिंपल्यांतून, मातीतून शिकवायला शिका. ती शिकवणारी बाई म्हणजे पोषण आहाराची खिचडी वाटणारी नव्हे, ती बालशिक्षिका आहे, हे त्यांनी जगाला दाखवलं. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली, नाव अंगणवाडी घेतलं आणि बाईला ठरवलं मानसेवी. म्हणजे तिला मान द्यायचा, वेतन नाही.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात सांगितलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी नोकराचं पद नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. मधली सोळा वर्षं बायकांनी रस्त्यावर काढली. महाराष्ट्रात निकालाची अंमलबजावणी करा म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप झाला. त्याच वर्षी केंद्राने 'पोषण भी पढाई भी' जाहीर केलं. २०२० चं शैक्षणिक धोरण तर म्हणतं की बारावी झालेल्या सेविकेने सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेलीने वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा. शिक्षिकेची जबाबदारी आली, शिक्षिकेचं प्रशिक्षण आलं. वेतनश्रेणी तेवढी वाटेत कुठेतरी राहिली.

स्वयंसेविका या शब्दाची सगळ्यात मोठी किंमत कुणी दिली असेल तर भंवरीदेवीने. ती राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमातली 'साथिन' होती, तुटपुंज्या मानधनावरची. सरकारच्याच सांगण्यावरून बालविवाह थांबवायला गेली आणि १९९२ मध्ये भटेरी गावात तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचं, पण काम करणाऱ्या बाईची जबाबदारी कुणाची, याला उत्तर नव्हतं. १९९७ च्या विशाखा निकालात म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली: बाई पगारावर असो, मानधनावर असो की विनामोबदला काम करत असो, तिला संरक्षण आहे. २०१३ च्या कायद्यातही स्वेच्छेने काम करणारी बाई कर्मचारी या व्याख्येत येते. मैत्रिणींनो, हे आपण प्रशिक्षणात किती जणींना सांगतो? शाळेत मानधनावर शिकवणारी, घरभेटीला जाणारी, रात्रीच्या साक्षरता वर्गाला कंदील घेऊन जाणारी प्रत्येक बाई या कायद्याखाली येते. तालुक्याच्या पातळीवर ती तक्रार कुणाकडे करायची, हा बोर्ड मला तरी अजून एका शाळेवर दिसलेला नाही.

आता प्रशिक्षणाकडे येते. एका बाहेरच्या संस्थेने आमच्या भागातल्या सेविका आणि मानधनावरच्या शिक्षिकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं, तेव्हा मी मदतीला होते. संस्थेचं नाव नको, तशा अनेक आहेत. शिबिर सकाळी नऊला. लांबच्या वाडीतून पहिली एस.टी. दापोलीत पोचते तीच नवाच्या पुढे, आणि परतीची वस्तीची गाडी चुकली तर रात्र काढायची कुठे हा प्रश्न. उशिरा येणाऱ्यांना वक्तशीरपणावर दहा मिनिटं ऐकवलं. दोघी तान्ही मुलं घेऊन आल्या होत्या, त्यांना 'इतरांचं लक्ष विचलित होतं' म्हणून मागे व्हरांड्यात बसवलं. विषय होता बालकेंद्री शिक्षण! शिकवणाऱ्या तरुण मुलामुलींनी चकचकीत रंगीत कार्डं आणली होती, त्यांवर सफरचंद, इग्लू आणि झेब्रा. आमच्याकडची चार वर्षांची पोर बोंबील, काजू, खेकडा, नांगर, होडी सांगेल, हर्णैच्या बंदरावर लिलाव कसा होतो त्याची नक्कल करून दाखवेल. हे त्या मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. वाईट होती असं नाही. मनापासून कष्ट घेत होती. पण त्यांना इथे शिकायला पाठवलं नव्हतं, शिकवायला पाठवलं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर एक सेविका उठली. वीस वर्षं काम केलेली. म्हणाली, ताई, तुम्ही सांगता ते चांगलं आहे, पण माझ्या वर्गात सोळा पोरं, त्यांतली दोन ऐकू न येणारी आहेत असं मला वाटतं, त्यांचं काय करू ते सांगा. सगळे गप्प. कार्यक्रमपत्रिकेत तो मुद्दा नव्हता. आता ही बाई वीस वर्षांच्या निरीक्षणाने जे ओळखू शकते ते तीन दिवसांच्या शिबिरात कुणी शिकवू शकणार नाही, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर देणारा जाणकार तिच्यापर्यंत पोचवणं हे काम बाहेरून येणाऱ्याला नक्की करता येतं. प्रशिक्षण म्हणजे हेच असायला हवं. शिकवणारीला अडलेलं असतं तिथून सुरुवात.

हे शक्य नाही असं कुणी म्हणू नये. राजस्थानात १९८७ मध्ये स्वीडनच्या मदतीने शिक्षाकर्मी प्रकल्प सुरू झाला. शिक्षक फिरकत नसलेल्या गावांत गावातलेच लोक निवडले, पुरुष आठवीपर्यंत शिकलेले, बाई पाचवी झालेलीही चालेल असं ठरवलं. आणि मग त्यांना एका शिबिरात उरकलं नाही. आधी लांब निवासी प्रशिक्षण, मग वर्षात पुन्हा पुन्हा. बायका मिळेनात तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी महिला प्रशिक्षण केंद्रं काढली. त्या प्रकल्पालाही आपण मानधनाबद्दल प्रश्न विचारले पाहिजेत, पण पाचवी शिकलेल्या बाईवर वेळ आणि पैसा खर्च करावा लागतो, हे तिथे मान्य केलं गेलं.

परदेशी स्वयंसेवकांबद्दलही दोन शब्द. ब्रिटनची व्ही.एस.ओ. १९५८ पासूनची, अमेरिकेची पीस कोअर १९६१ पासूनची, आणि पीस कोअरची तरुण मंडळी १९७६ पर्यंत भारतातही होती. याच काळात, एप्रिल १९६८ मध्ये, इव्हान इलिच या पाद्री-विचारवंताने मेक्सिकोत कामाला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्या चांगल्या हेतूंचा इथल्या लोकांना उपयोग नाही. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मला ते टोकाचं वाटतं. पण त्यांनी विचारलेलं विसरता येत नाही. ज्या गावाची भाषा येत नाही, जिथे आपली चूक आपल्याला कुणी दाखवू शकत नाही, तिथे आपण कुणाला शिकवतो आहोत? आणि हा प्रश्न फक्त गोऱ्यांना नाही. पुण्याहून दापोलीला येणाऱ्यांनाही आहे, आणि दापोलीतून कातकरी वाडीवर जाणाऱ्या माझ्यासारखीलाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. स्वयंसेवक शिक्षकाच्या मदतीला आला तर ठीक. तो शिक्षकाच्या जागी आला तर? २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातले शेकडो शिक्षक एकदम गेले. शाळा उघडायच्या वेळी वर्गात कोणी नाही. मग डी.एड. झालेल्या स्थानिक मुलामुलींना तात्पुरत्या मानधनावर घेतलं. वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणाऱ्या या पोरी आनंदाने गेल्या, शिकवलं, आणि त्यांची गरज संपली की घरी बसल्या. ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, वीस आणि त्याहून कमी पट असलेल्या शाळांत एक शिक्षक दरमहा १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमण्याचा शासन निर्णय निघाला. आमच्या कोकणात वीसच्या खाली पट असलेल्या शाळा किती, हे वेगळं सांगायला नको. मुंबईला गेलेल्या माणसांची घरं कुलूपबंद आणि शाळा रिकामी. विरोध झाला, आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण विचार मागे घेतलेला नाही. केंद्राची 'विद्यांजली' योजना शाळांना स्वयंसेवक जोडून देते. प्रौढ साक्षरतेचा २०२२ पासूनचा कार्यक्रम तर मुळातच विनामानधन स्वयंसेवकांवर आखलेला आहे. २०२३ मध्ये त्याचं सर्वेक्षण शिक्षकांच्या माथी मारलं तेव्हा राज्यातल्या शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. मग ते काम कुणाकडे सरकतं? वाडीतल्या शिकलेल्या सुनेकडे, बचत गटाच्या सचिवाकडे, म्हणजे पुन्हा आपल्याचकडे.

'पैसे घेतले की सेवेचा भाव जातो' असं म्हणणारे भेटतात, बहुधा निवृत्तिवेतन घेणारे. त्यांना मी विचारते, कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा सेवाभाव पगाराने गेला का? नाही ना? मग बालवाडीतल्या बाईचाच कसा जातो? मुलांना सांभाळणं हे बाईच्या रक्तातच असतं असं एकदा मानलं की त्यासाठी शिक्षण लागत नाही आणि दामही लागत नाही. प्रशिक्षण तोकडं आणि मानधन तोकडं, दोन्हींचं मूळ या एकाच समजुतीत आहे. म्हणून प्रशिक्षणाचा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांचा आणि वेतनाचा प्रश्न युनियनचा, अशी वाटणी मला मान्य नाही. आणि आपल्या चळवळीतल्या, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही या प्रश्नातून सूट नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात शहरातल्या समन्वयकाला पगार आणि गावातल्या कार्यकर्तीला मानधन, हे कोष्टक आपल्याकडेही दिसतंच.

आमच्या गटाने अलीकडे एक साधी गोष्ट सुरू केली आहे. शाळा-अंगणवाडीत काम करू इच्छिणारी कुठलीही बाहेरची संस्था आली की तिच्यापुढे काही प्रश्न ठेवायचे. तुमचे लोक किती दिवस राहणार, आणि पुढच्या वर्षी तेच येणार का? शिबिराच्या वेळा एस.टी.च्या वेळापत्रकावरून ठरवणार का? येणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा बुडालेला रोज, गाडीभाडं आणि तिच्या मुलासाठी पाळणाघर हे तुमच्या खर्चात धरलं आहे का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी तुमची समिती आहे का, आणि इथली स्वयंसेविका तिच्याकडे जाऊ शकते का? तुमच्या अहवालात तिचं नाव कुठे येणार, 'लाभार्थी' म्हणून की शिकवणारी म्हणून? आणि तुमच्यामुळे इथली एखादी मंजूर जागा रिकामीच ठेवायला सरकारला निमित्त मिळणार आहे का?

आतापर्यंत तीन संस्थांपुढे हे प्रश्न ठेवले. एकीने पुन्हा फोन केला नाही. दुसरीने पाळणाघराचा खर्च धरला आणि बाकीच्या प्रश्नांवर विचार करतो म्हणाली. तिसरीतून दोन मुली आल्या, त्यांनी शिबिर घेणं लांबणीवर टाकलं आणि जून ते ऑगस्ट, भर पावसात, दोन अंगणवाड्यांत सेविकेच्या हाताखाली मदतनिसासारखं काम केलं. ऐकू न येणाऱ्या त्या दोन मुलांची तपासणी त्यांनीच करून आणली. दोघांपैकी एकाला आता यंत्र मिळालं आहे. दुसऱ्याच्या प्रमाणपत्राचे कागद जिल्ह्याला अडकले आहेत, आणि त्यासाठी सेविकेच्या दोन फेऱ्या झाल्या, स्वतःच्या खर्चाने. ते गाडीभाडं कुठल्या खात्यात मागायचं हे आम्ही प्रकल्प कार्यालयाला लेखी विचारलं आहे.